आधारगटात बोलावेच लागेल का?

प्रिय भगिनी,

पतीचे घर सोडून वर्ष उलटले, तरी दार आपटल्याचा आवाज झाला की अजून अंगाला कापरे भरते, असे तुम्ही लिहिले आहे. समुपदेशक बाईंनी हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांचा आधारगट सुचवला आहे. परंतु चारचौघींत आपबीती सांगण्याची कल्पनाही तुम्हाला सहन होत नाही आणि ‘इतरजणींनी माझ्याहून कितीतरी अधिक सोसले असेल, मी कोणत्या तोंडाने तिथे बसू?’ हा प्रश्न तुम्हाला छळतो आहे.

आधी या प्रश्नाविषयी लिहिते, कारण मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा गटात येणाऱ्या अनेकजणी हीच शंका मनात घेऊन येतात. जिचा हात मोडला तिला वाटते, निदान जीव तरी वाचला. जिने वर्षानुवर्षे टोमणे, पाळत आणि पैशांची कोंडी सोसली तिला वाटते, मला तर मारलेही नाही. स्वतःचे दुःख कमी लेखण्याची ही सवय हिंसेनेच लावलेली असते, कारण छळणारा प्रत्येक वेळी ‘एवढे काय झाले?’ असेच म्हणत आलेला असतो. शेजारी बसलेली स्त्री तुमच्याच मनातले वाक्य बोलते आणि तिने स्वतःला दोष देणे किती अन्यायाचे आहे हे तुम्हाला तत्काळ कळते. तोच न्याय मग हळूहळू स्वतःलाही लावता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधील अंदाजानुसार जगातील सुमारे 30 टक्के स्त्रियांनी आयुष्यात जोडीदाराची शारीरिक वा लैंगिक हिंसा किंवा इतर कोणाची लैंगिक हिंसा अनुभवलेली असते. तरीही घराच्या चार भिंतींत प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असे वाटते.

आता बोलण्याविषयी. चांगल्या गटात कोणावरही बोलण्याची सक्ती नसते. आघातातून सावरताना सुरक्षितता आधी येते, आठवणींना सामोरे जाणे नंतर. त्यामुळे सुरुवातीच्या बैठकांत बहुधा झोप, भीती आणि रोजचे व्यवहार यांवरच बोलणे होते. जुना प्रसंग अचानक डोळ्यांपुढे उभा राहिला, तर पाय जमिनीवर घट्ट टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यायची, अशा साध्या युक्त्याही तिथे शिकवतात.

जाण्यापूर्वी गट चालवणाऱ्या बाईंना एकटीने भेटा. त्यांचे प्रशिक्षण काय आहे, मध्येच नव्या स्त्रिया येतात का, ओळखीचे कोणी निघाले तर काय करतात आणि गोपनीयता कोणत्या परिस्थितीत मोडावी लागते, हे स्पष्ट विचारा. पतीलाही बोलावण्याचा विषय निघाल्यास ठाम नकार द्या. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलता येत नाही आणि बोललेल्याची किंमत नंतर मोजावी लागू शकते. तो अजूनही धमकावत असेल, तर आधी समुपदेशक बाईंसोबत सुरक्षिततेची योजना आखा.

पहिल्या एक-दोन बैठकांनंतर झोप उडू शकते. तसे झाल्यास मनात न ठेवता गट चालवणाऱ्या बाईंना सांगा आणि समुपदेशन मात्र चालू ठेवा. तो गट मानवला नाही, तर दुसरा शोधण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी कोणालाही कारण देण्याची गरज नाही.