वर्गात पोर्तुगाल कसा दाखवू?

प्रश्न: मी फोंड्याला सातवीला शिकवते. पोर्तुगाल म्हटलं की मुलांना गोव्यावरची 1510 ते 1961 ची पोर्तुगीज सत्ता एवढंच माहीत, तिथली माणसं कशी समजावू?

उत्तर: ताई, पावापासून सुरू करा. पाव, बटाटा, चावी, पगार फळ्यावर लिहा, हे पोर्तुगीजमधनं आलेत म्हटलं की पोरं घरातले आणखी शब्द शोधायला लागतात. मग पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत न्या, तिथल्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्स, जवळून बघू देत, लिस्बनमध्ये तर घरांच्या बाहेरच्या भिंतींवरसुद्धा टाइल्स असतात. आणि 25 एप्रिल 1974 नक्की सांगा, लोकांनी सैनिकांच्या बंदुकीत कार्नेशनची फुलं खोचली नि पोर्तुगालमधली हुकूमशाही गेली, मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण त्याच राजवटीशी आपली माणसंही लढलेली.