सर मागे उभे राहिले की हात थरथरतो

“मॅडम, माझा स्वभावच सर्जनचा नाही. ब्रँच बदलू का?” सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, विचारत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता त्याची बोटं बॅगेच्या बंदाला नकळत गाठी मारत होती, एकसारख्या, चपट्या, घट्ट.

भिडस्त, काळजीखोर मुलं हा प्रश्न घेऊन येतात. बेधडक बॅचमेट पुढे जाताना दिसतो, आणि ही मुलं स्वतःला नापास करून मोकळी होतात.

“हात नेमका कधी थरथरतो?” मी विचारलं. रात्री स्किल लॅबमध्ये एकटा असताना नाही. बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे सरावाच्या पेटीवर, सहा रबरी तुकडे डाव्या ग्रास्परने (लांब दांड्याच्या चिमट्याने) उचलायचे, अधांतरी उजव्यात घ्यायचे, पलीकडच्या खुंटीवर ठेवायचे, मग तसेच परत आणायचे. एकही न पाडता तो हे करायचा. सर मागे उभे राहिले की मात्र तिसरा तुकडा पडलाच.

म्हणजे कसब होतंच. लॅपरोस्कोपीत, म्हणजे छोट्या छिद्रांतून करायच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, हात डावीकडे नेला की अवजाराचं टोक उजवीकडे जातं. मेंदूला तेवढंच काम पुरे. त्यात हा स्वतःच्या हातावर पहारा ठेवायचा. बारीक कंप प्रत्येकाच्याच हाताला असतो, धास्तीने आणि कॉफीने तो वाढतो. याची कॉफी दिवसाला सहा कप!

माणूस अबोल की बोलका, यावरून त्याचा हात कसा चालेल हे सांगता येत नाही. चूक कशी पचते, सराव कसा होतो, यावर स्वभावाचा परिणाम होतो. त्याचा काळजीखोरपणा मला मोडायचाच नव्हता. पोट शिवण्याआधी, आत काही राहिलं नाही ना म्हणून, रक्त टिपायचे गॉज पुन्हा मोजायला लावणारा डॉक्टर मला माझ्या माणसांसाठी हवा आहे. फक्त ती काळजी हातावरून उचलून अवजाराच्या टोकावर ठेवायची होती.

रविवारी सलग चार तास घासण्याऐवजी रोज वीस मिनिटं ठरवली. बारीक रक्तवाहिन्या जोडण्यावरचा टोरांटोचा एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. चार सत्रं एकाच दिवशी उरकणाऱ्यांपेक्षा आठवड्याला एक करणाऱ्या रेसिडेंटांचा हात महिन्याभराने सरस ठरला होता. हे ऐकून त्याला पटलं. मग बघणारे वाढवत नेले: आधी मोबाइलचा कॅमेरा, मग रूममेट, मग सीनिअर.

तीन महिन्यांनी आला. सर मागे असले की पहिला तुकडा अजून जड जातो, म्हणाला. परवा एक पडलाही. मागे न बघता त्याने तो उचलला आणि पुढचा घेतला. ब्रँचचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.