गणपतीच्या आठवड्यात मोजू नका

प्रश्न: ताई, नमस्कार. फोर्टमधल्या एका सीएंच्या ऑफिसात मी सिस्टिमचं काम बघतो. २५६ जीबी रॅमच्या एकाच सर्व्हरवर हायपर-व्हीमध्ये (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आमचे ६० व्हर्च्युअल डेस्कटॉप चालतात. सगळे विंडोज ११, प्रत्येकाला पक्के ४ जीबी. आता आणखी १४ जण येणार आहेत आणि साहेब नवा सर्व्हर घ्यायला तयार नाहीत. डायनॅमिक मेमरी सुरू करावी का? एका मशीनवर करून पाहिली, तर आत टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्के भरलेली दिसली आणि तिथल्या मॅडम घाबरल्या.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: जरूर करा. आज तुमचे २४० जीबी ६० जणांना सारखे वाटून अडकलेत. एन्ट्री करणारा मुलगा टॅली आणि ब्राउझरच्या दोन टॅब उघडून बसतो, त्याचं अडीच जीबीत भागतं. शेजारची ऑडिटवाली मोठी एक्सेल उघडते, तिला चार पुरत नाहीत. त्याचं उरलेलं तिला मिळायला हवं, आणि डायनॅमिक मेमरी तेवढंच काम करते.

आधी मॅडमना धीर द्या. होस्टला, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरला, मेमरी परत हवी असते तेव्हा मशीनच्या आतला एक ड्रायव्हर ती स्वतःकडे अडवून धरतो आणि होस्ट ती दुसऱ्या मशीनला देतो. आतल्या विंडोजला मात्र एकूण मेमरी म्हणून, सुरू झाल्यापासून मिळालेला सर्वांत मोठा आकडाच दिसत राहतो. मग अडवलेला भागही 'वापरात' धरला जातो आणि ९० टक्के दिसतात. खरं काय ते बाहेरून बघा: हायपर-व्ही मॅनेजरमध्ये मशीन निवडलंत की खाली मेमरीच्या टॅबवर 'असाइन्ड' (दिलेली मेमरी) आणि 'डिमांड' (खरंच लागणारी) असे दोन आकडे येतात. डिमांड असाइन्डच्या खाली असेल तर मॅडमचं मशीन ठणठणीत आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. सेटिंगला हात लावण्याआधी मोजा, आणि कोणत्या दिवसांत मोजताय ते नीट ठरवा. २०१९ साली लोअर परळच्या एका ऑफिसात मी हेच काम केलं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला, सोमवारी होती आणि मी मोजणी नेमकी त्याच आठवड्यात लावली. निम्मं ऑफिस कोकणात गेलेलं. बुधवारी, ४ तारखेला, पावसाने लोकल बंद पडल्या, तेव्हा जे मुंबईत होते तेही घरीच अडकले. आकडे सुरेख खाली आले आणि त्यांच्या भरवशावर मी सगळ्यांना ३ जीबीचं मॅक्सिमम, म्हणजे मेमरीची वरची मर्यादा, लावलं.

२० सप्टेंबरला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख. दुपारी तीनच्या सुमारास अकाउंट्समधल्या एका काकूंनी मला हाक मारली. एक्सेल पांढुरकी पडलेली, वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि काकूंचा हात माउसवर तसाच थांबलेला. मशीन ३ जीबीच्या कुंपणाला टेकलं होतं आणि डिस्कवर ढकलाढकली करत होतं. त्याच वेळी होस्टवर ४० जीबी नुसते पडून होते. त्यांनी तासभर जुळवलेला हिशेब सेव्ह झालेला नव्हता. तो पुन्हा करायला त्या रात्री आठपर्यंत थांबल्या. ती चूक मी विसरलेले नाही, म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने सांगते आहे.

तर पूर्ण महिनाभर मोजा, त्यात २० तारीख आलीच पाहिजे. प्रत्येक मशीनच्या आत परफॉर्मन्स मॉनिटरमधला 'कमिटेड बाइट्स' (प्रोग्रॅमनी मागून ठेवलेली एकूण मेमरी) हा आकडा नोंदवायला लावा. 'वापरात' या आकड्यावर जाऊ नका.

समजा ५२ जणांना २.२ जीबी आणि एक्सेलवाल्या २२ जणांना ३.५ जीबी लागतात असं निघालं. हायपर-व्ही मागणीवर आपणहून शेकडा २० बफर (जादा राखीव मेमरी) धरतो, म्हणजे २.६४ आणि ४.२. सगळे मिळून सुमारे २३० जीबी. होस्टसाठी मी १६ बाजूला ठेवते, म्हणजे तुमच्याकडे उरतात २४०. बसतंय, पण दहा जीबीची फट मला कमी वाटते. साहेबांना सांगा, नवा सर्व्हर नको, पण स्लॉट रिकामे असतील तर रॅमच्या पट्ट्या तेवढ्या वाढवू या.

मॅक्सिमम सढळ ठेवा: एन्ट्रीवाल्यांना ५, एक्सेलवाल्यांना ८. आपोआप येणारा १ टीबीचा आकडा मात्र तसाच सोडू नका, एखादा बिघडलेला ब्राउझर भसाभस मेमरी खात सुटतो. मिनिमम २ पुरे. अकाउंट्सच्या मशीनचं मेमरी वेट वाढवा, म्हणजे ओढाताण झाली तर आधी त्यांना मिळेल.

स्टार्टअप रॅम, म्हणजे मशीन सुरू होताना मिळणारी मेमरी, ४ च्या खाली नेऊ नका, विंडोज ११ ची किमान गरजच तेवढी आहे. आणि इथेच सकाळची खरी अडचण आहे. कल्याण-डोंबिवलीची मंडळी एकाच गाडीने सीएसएमटीला उतरतात आणि दहाच्या ठोक्याला सगळ्यांना मशीन चालू हवं असतं. ७४ गुणिले ४ म्हणजे २९६ जीबी. हायपर-व्ही नसलेली मेमरी कुणाला उसनी देत नाही, त्यामुळे साठेक मशीन उठतील आणि बाकीची अडतील. स्मार्ट पेजिंगच्या (मेमरी कमी पडली की तिच्या जागी डिस्क वापरायची सोय) भरवशावर राहू नका, ते फक्त रीस्टार्टपुरतं आहे आणि डिस्कवर चालत असल्याने मंद असतं. साडेसातपासून दहा-दहा मशीन टप्प्याटप्प्याने उठवणारी स्क्रिप्ट लावा. पहिली तुकडी उठून स्थिरावली की तिची जास्तीची मेमरी होस्टला परत घेता येते. वीज जाऊन सर्व्हरच बंद पडला तर त्यासाठी प्रत्येक मशीनच्या ऑटोमॅटिक स्टार्टमध्ये वेगवेगळा डिले घाला. विंडोजचे अपडेटही सगळ्यांना एकाच रात्री नको.

नवी सेटिंग लावल्यावर पहिल्या २० तारखेला दुसरं काही काम अंगावर घेऊ नका. मेमरीचा टॅब उघडा ठेवून बसा. कुणाचं डिमांड असाइन्डच्या वर जाऊन तिथेच राहिलं, तर त्या मशीनचं मॅक्सिमम लगेच वाढवा. ते मशीन चालू असतानाही वाढवता येतं, समोरच्या माणसाला काम थांबवावं लागत नाही.