माझं काम लोकांच्या ओळखीचं नाही, "काय करता?" असं विचारलं की काय सांगावं?

तुमचा प्रश्न वाचला. दृष्टिहीन मुलांच्या पाठ्यपुस्तकांत जी चित्रं, नकाशे, आलेख असतात त्यांची वर्णनं तुम्ही घरून लिहिता. लग्नाकार्यात कुणी "सध्या काय करता?" विचारलं की समोरचा अर्ध्यातच "म्हणजे घरीच असता" म्हणून विषय बदलतो, आणि सासूबाई पाहुण्यांना "कॉम्प्युटरवर काहीतरी करते" असं सांगतात. हे तुम्हाला लागतं, असं तुम्ही लिहिलंय. लागणारच. दिवसभर मन लावून केलेल्या कामाला "काहीतरी" म्हटलेलं कुणाला आवडेल?

मी नाशिकला असते, पंचवटीत. मोडी लिपीतले जुने कागद वाचून ते देवनागरीत उतरवून देते. ऑफिस नाही, पाटी नाही, ओळखपत्र नाही. त्यामुळे "काय करता?" हा प्रश्न माझ्याही वाट्याला रोजचाच आहे, आणि त्यावर मी बराच विचार केला आहे.

पदनाम आधी बाजूला ठेवा. "मोडी लिप्यंतरकार" हे मी बिलावर लिहिते, बोलताना वापरत नाही. पदनामात समोरच्याच्या ओळखीचं काहीच नसलं की तो आपलं आपणच काहीतरी जोडून घेतो. माझ्या बाबतीत कुणी संस्कृत जोडतं, कुणी पोथ्या, कुणी शिलालेख, काही जण थेट पत्रिका बघता का म्हणून विचारतात. आणि एकदा मनात काही बसलं की पुढचं स्पष्टीकरण कुणी ऐकत नाही.

त्याऐवजी मी सांगते की माझ्याकडे कोण येतं, काय घेऊन येतं आणि जाताना काय घेऊन जातं. "शेतकरी लोक पणजोबांच्या वेळचे कागद घेऊन येतात. भाषा मराठीच असते, पण अक्षर जुन्या वळणाचं, घरात कुणालाच वाचता येत नाही. मी ते वाचून आजच्या अक्षरात लिहून देते. मग ते कागद वकिलाकडे किंवा तहसीलला चालतात." एवढंच. हातात पिशवी, पिशवीत कागद आणि चेहऱ्यावर काळजी, असा माणूस नाशिकमध्ये सगळ्यांनीच सीबीएस बसस्थानकाच्या आसपास पाहिलेला असतो. त्यामुळे माझं काम माहीत नसलं तरी तो माणूस त्यांच्या ओळखीचा असतो, आणि तिथून बोलणं पुढे सरकतं.

त्यानंतर ज्याला खरंच ऐकायचं आहे त्याला मी नुकतंच केलेलं एखादं काम सांगते. सध्या सांगते ते निफाड तालुक्यातल्या एका घराचं. ते लोक गाव नमुना 14 ची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल घेऊन आले होते. गावाकडे तिला कोतवाल बुक म्हणतात. ओबीसी दाखल्याच्या पडताळणीत 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा बघतात, आणि जितकं मागे जावं तितकी मोडी वाढत जाते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात. नाव कुठे संपलं, "बिन" (म्हणजे अमक्याचा मुलगा) कुठे आलं, बापाचं नाव कुठून सुरू झालं, हे एकेका अक्षराच्या वळणावरून ठरवावं लागतं. त्यांना हवी असलेली जातीच्या रकान्यातली नोंद थोड्या वेळात वाचून झाली. पण बरोबर आलेल्या आजोबांनी सगळं पान वाचायला लावलं. त्यात त्यांच्या वडिलांच्या एका भावंडाचा मृत्यू नोंदला होता, तान्हेपणीचा. ते मूल होतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आजोबांनी ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मुलाला वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

हे सांगितलं की माझं काम काय आहे असं पुन्हा कुणी विचारत नाही. तुमच्याकडेही असं एखादं काम नक्की असेल. ते शोधा. कुठल्या इयत्तेचं पुस्तक होतं, कुठलं चित्र होतं, त्यात नेमकं काय अडलं आणि तुम्ही काय लिहिलंत, हे सगळं असलेलं.

इथे एक सावधगिरी, जी मला फार महत्त्वाची वाटते. सगळ्यांना चटकन कळेल अशी ओळख नेहमी खरी असतेच असं नाही. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी वाचणाऱ्यांची अचानक गरज भासली. तेव्हापासून "त्या कुणबी नोंदी वाचतात ना, त्यातलीच मी" असं म्हटलं की रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना लगेच कळतं. पण त्याबरोबर एक गैरसमजही येतो. मी दाखला मिळवून देते असं लोकांना वाटायला लागतं. "ताई, तेवढा शब्द लिहून द्या ना" अशी विनवणीही होते, आणि विनवणारा माणूस लबाड नसतो, अडलेला असतो. म्हणून मी आता त्याच दमात पुढचं वाक्यही बोलते: "कागदावर असेल तेवढंच मी लिहिते, दाखला द्यायचा की नाही ते सरकार ठरवतं." आपण काय करत नाही हे सांगणं हाही कामाच्या ओळखीचा भाग आहे. तुम्हालाही हे लागेल. वर्णन लिहिणारी व्यक्ती शिक्षक नाही, पुस्तक तिने लिहिलेलं नाही, आणि उत्तर तर तिने वर्णनात मुळीच सांगायचं नाही, असं मला वाटतं. तुमची हद्द तुम्हाला नीट माहीत असेल, ती बोलून दाखवा.

विचारणारा कोण आहे त्यावर सुरुवात बदलावी लागते. नाशिकच्या जुन्या माणसांना मी रामकुंडावरून सांगते. तीर्थोपाध्यांकडे घराण्याच्या नामावळी असतात, कुणी कधी यात्रेला आलं, कोणाची मुलं कोण, सगळं पिढ्यानपिढ्या लिहिलेलं. "त्यांच्या जुन्या वह्यांत जे अक्षर असतं ना, ते" म्हटलं की ऐंशीच्या घरातली माणसं उलट मलाच सांगायला लागतात, आमचे वडील मोडीत सही करायचे म्हणून. कॉलेजातल्या मुलांना मात्र कालगणनेची गंमत सांगितली की ती जवळ येऊन बसतात. पेशव्यांच्या काळातल्या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं. "खमस सबैन मया व अलफ" म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून 1175. हा सुहूर सन, म्हणजे त्या काळची एक कालगणना. त्यात 599 मिळवले की 1774, म्हणजे ते वर्ष 1774-75 चं. त्यांच्यातलं कुणीतरी लगेच मोबाईल काढून बेरीज करून बघतं.

बँकेच्या किंवा शाळेच्या फॉर्मवर यातलं काही चालत नाही. तिथे "व्यवसाय" या रकान्यापुढे बोटभर जागा असते. तिथे आपलं वेगळेपण सांगायला जाऊ नका, जवळात जवळचा ओळखीचा शब्द लिहा. मी "भाषांतर" लिहिते. ते तंतोतंत नाही, कारण भाषा बदलत नाही, लिपी बदलते. पण कारकुनाला त्या रकान्यात तेवढंच हवं असतं. उद्यम नोंदणी करतानाही यादीतला जवळचा कोड निवडूनच पुढे जावं लागतं. तुम्ही "लेखन-संपादन" लिहू शकता. फक्त प्रत्येक ठिकाणी एकच शब्द ठेवा, म्हणजे पुढे कागदपत्रं जुळवताना त्रास होत नाही.

"यात पैसे मिळतात का?" हा प्रश्न येतोच, आणि तो मनाला लावून घेऊ नये असं माझं मत आहे. आपल्याकडे ही चौकशी काळजीपोटीही होते. मी सरळ सांगते की पानामागे पैसे घेते आणि अक्षर किती खराब आहे त्यावर दर ठरतो. आकडा सांगायची गरज नाही. पैसे कशाचे मिळतात हे सांगितलं की काम खरं आहे हे कळतं.

आणि आता नवा प्रश्न: "हे तर एआय करेल ना?" तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त वेळा विचारत असतील. मी चिडत नाही. मोडीला 2014 साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, ती आता टाइप करता येते, आणि यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ते यशस्वी व्हावेत असं मला मनापासून वाटतं, कारण दप्तरांत पडून असलेले कागद माणसांच्या हातून वाचून संपणार नाहीत. पण शाई पसरलेल्या, कसर लागलेल्या पानावर "हे नाव महादू की माधू" याची जबाबदारी घेऊन खाली कुणाला तरी सही करावी लागते. ती सही मी करते. तुम्हीही असंच नेमकं सांगा. यंत्र म्हणेल, "हा महाराष्ट्राचा नकाशा आहे." पण गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, अरबी समुद्र एवढा जवळ असून पूर्वेकडे वळते आणि नाशिक, पैठण, नांदेड करत पुढे तेलंगणात जाते, हे बोटाखाली नकाशा नसलेल्या मुलीला कळायला हवं. कुठली गोष्ट आधी सांगायची आणि कुठली गाळायची, हे तुम्ही ठरवता.

राहता राहिल्या सासूबाई. माझ्या मते सुरुवात त्यांच्यापासून करा, पाहुण्यांपासून नाही. माझ्या आईलाही माझं काम कळत नव्हतं. मग तिच्या माहेरचं एक खरेदीखत मी तिला वाचून दाखवलं, चतुःसीमेसकट: पूर्वेस कोणाचं शेत, पश्चिमेस ओढा. तो ओढा तिने लहानपणी पाहिलेला होता. आता ती शेजारणींना माझ्याहून चांगलं समजावून सांगते. तुम्ही सासूबाईंना डोळे मिटायला सांगा, तुम्ही लिहिलेलं एखादं वर्णन सावकाश वाचा आणि त्यांना काय दिसलं ते विचारा. मग मूळ चित्र दाखवा. दोघींच्या मनात जे राहील त्यातूनच पाहुण्यांना सांगायचं वाक्य निघेल. तोवर हे वापरून बघा: "ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्या पुस्तकातली चित्रं मी शब्दांत लिहून देते, म्हणजे ती इतरांच्या बरोबरीने परीक्षेला बसू शकतात."

ज्या संस्थेसाठी काम करता तिची परवानगी असेल तर एक-दोन वर्णनं फोनमध्ये ठेवा. मीही एका जुन्या पानाचा फोटो ठेवते, ज्यांचा कागद आहे त्यांना विचारून आणि नावं झाकून. "कसं असतं ते?" असं कुणी विचारलं तरच तो काढते.