उत्तर: अडकलेलं पार्सल आणि 'गिफ्ट'ची भानगड

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. जर्मनीतल्या विक्रेत्याकडून जुन्या रॉक आणि कंट्रीच्या (अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या) सीडी मागवल्या, त्याने तुमचा कर वाचावा म्हणून आपणहून पार्सलच्या कस्टम्स (सीमाशुल्क) फॉर्मवर 'गिफ्ट'वर खूण केली, किंमत 10 युरो टाकली, आणि आता पार्सल मुंबईत येऊन बसलंय, ट्रॅकिंग हलत नाही. डिट्टो माझं प्रकरण. फक्त माझा एकच बॉक्स होता, जाडजूड. 'बेअर फॅमिली' या जर्मन कंपनीचे कंट्रीचे बॉक्स सेट ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल: एलपीच्या (जुन्या मोठ्या रेकॉर्डच्या) आकाराचा खोका, आत सीडी आणि भलंमोठं पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक.

ग्रेडिंग, म्हणजे वापरलेल्या सीडीच्या स्थितीची श्रेणी, कसं वाचायचं, विक्रेत्याचं रेटिंग कसं बघायचं, हे तुम्हाला येत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी वकील नाही, कस्टम्स एजंटही नाही. खाली लिहिलंय ते माझ्या अनुभवाचं आहे, नियम बदलतात, तुमचं तुम्ही तपासून घ्या.

पहिली गोष्ट. 'गिफ्ट' लिहून कर वाचतो ही समजूत जुनी आहे. एकेकाळी ठराविक किमतीपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती, तेव्हाचे लोक अजून तोच सल्ला देतात, आणि परदेशातल्या विक्रेत्यांनाही तोच ठाऊक असतो. डिसेंबर 2019 मध्ये सरकारने पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून करमुक्त माल आणणं बंद केलं, पूर्ण कर भरला तरच भेट येते. अपवाद दोनच: प्राणरक्षक औषधं आणि राखी. राखीबरोबर येणाऱ्या भेटीलाही सूट नाही. म्हणजे तुमच्या बिचाऱ्या विक्रेत्याने मदत म्हणून जी खूण केली, तिने कर तर वाचला नाहीच, उलट साधं करपात्र पार्सल संशयात सापडलं. वर किंमत खोटी. पैसे भरल्याचा पुरावा दिला की तीच पावती सांगते की डिक्लेरेशन चुकीचं आहे. पुरावा दिला नाही तर माल भेट ठरतो आणि भेटीला करमाफी नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

आता पार्सल अडवणाऱ्या कस्टम्सच्या कार्यालयाबद्दल. नाव लिहीत नाही, ज्यांचं पार्सल तिथे अडकलंय ते ओळखतीलच.

त्यांचं पत्र साध्या टपालाने आलं. पत्रावरची तारीख आणि ते माझ्या हातात पडल्याची तारीख यांच्यामध्येच खुलासा द्यायच्या मुदतीचा बराचसा भाग उडून गेलेला. फोन लावला तर वाजत राहतो. ईमेल पाठवला तर मेलबॉक्स भरलाय म्हणून परत. शेवटी पुण्याहून सकाळची गाडी पकडून गेलो. खिडकीवर सांगितलं, वरच्या मजल्यावर जा. वरच्या मजल्यावर सांगितलं, आधी खालून नोंदीचा नंबर आणा. खाली आलो तोवर जेवणाची सुट्टी. नंबर मिळाला तेव्हा ज्यांची सही लागते ते साहेब मीटिंगला. कोणी उद्धट बोललं असं म्हणणार नाही, एका बाईंनी तर बसायला खुर्ची दिली. पण कुठला कागद आणा हे एकदाच, एका दमात कोणीही सांगितलं नाही. दर वेळी एक नवा कागद.

त्यातला सगळ्यात भारी कागद म्हणजे 'मूळ बिल, शिक्का आणि सहीसह'. विक्रेता कोण? आपल्या घरातला संग्रह विकणारा एक जर्मन आजोबा. त्याच्याकडे कसला शिक्का! वेबसाइटवरच्या ऑर्डरची प्रिंट दिली, चालली नाही. पेपॅलची पावती दिली, 'हे तर तुम्ही घरीही छापू शकता'. दरम्यान त्यांनी इंटरनेटवर त्याच बॉक्सची नव्या, सीलबंद प्रतीची किंमत शोधली आणि तीच धरून कर लावायला निघाले. माझा बॉक्स वापरलेला, कोपरा दबलेला. ते सांगून काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा, आणि हे उत्तर लिहितोय ते मुख्यतः त्यासाठी. बँकेच्या शाखेत जाऊन त्या महिन्याचं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट काढलं, व्यवहाराच्या ओळीवर खूण केली आणि शाखेचा गोल शिक्का मारून घेतला. तो कागद समोर ठेवल्यावर सूर बदलला. रक्कम तीच, तारीख तीच, पेपॅलच्या पावतीवर होती तीच माहिती. पण शिक्का होता! तुम्ही आजच बँकेत जा. कार्यालयाचं पत्र यायची वाट बघू नका.

सोबत साधा अर्ज जोडा: हा माल मी स्वतःसाठी विकत घेतला आहे, विक्रेत्याने मला न विचारता भेट म्हणून नोंदवला, खरी किंमत अमुक, पुरावा जोडला आहे, योग्य तो कर भरायला तयार आहे. 'मित्राने पाठवलंय' वगैरे गोष्टी रचू नका. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मुदत टळली तर पार्सल परत जाऊ शकतं आणि मग पाठवणीचे पैसे बुडतात, कारण बहुतेक विक्रेते कस्टम्सची जबाबदारी घेत नाहीत. काहीच उत्तर आलं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका. माझ्या बाबतीत तक्रार टाकल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडून स्वतःहून फोन आला. योगायोग असेलही.

शेवटी कर आणि वर दंड भरून बॉक्स सुटला. दोन्ही मिळून बॉक्सच्या मूळ किमतीच्या जवळपास. उघडून पुन्हा चिकटवताना खाकी टेप थेट बॉक्सच्या छापील झाकणावर लावलेली. ती काढताना छपाईही निघाली. असो.

पुढच्या वेळी ऑर्डर देतानाच विक्रेत्याला दोन ओळी लिहा: फॉर्मवर 'सेल ऑफ गुड्स'वर खूण करा, खरी किंमत टाका, बिलाची एक प्रत खोक्याच्या बाहेर पाकिटात लावा. कर बुडवण्याच्या नादात पार्सल बुडतं हे माझं ठाम मत आहे. इथे बरेच जण म्हणतील की त्यांची दहा पार्सलं अशीच सुटली. सुटली असतील.

कराचा हिशेब करताना लोक फक्त सीडीची किंमत धरतात. कर लागतो किंमत अधिक पाठवणी अधिक विमा या बेरजेवर. सीडी 12 युरोची आणि पाठवणी 18 ची असेल तर हिशेब 30 युरोंवर. त्यावर मूळ आयात शुल्क, त्या शुल्काच्या 10 टक्के अधिभार, आणि मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी). दर बजेटमध्ये वरखाली होतात, म्हणून मागवायच्या दिवशीचाच बघा. स्वस्त सीडी एकेक करून मागवणं म्हणजे पाठवणीवर कर भरणं. एकाच विक्रेत्याकडून पाचसहा घ्या. मात्र एकाच अल्बमच्या चार प्रती एका खोक्यात नकोत, तो व्यापार वाटतो आणि मग व्यापाऱ्यांना लागणाऱ्या आयात-निर्यात कोडबद्दल विचारणा सुरू होते.

विक्रेत्याला हेही सांगा की प्लास्टिकच्या डब्या पाठवू नका, फक्त तबकडी, पुस्तिका आणि मागचा कागद पाठवा. तबकडीचं वजन 15-16 ग्रॅम, बाकीचं बहुतेक त्या डबीचं. तसाही तिचा बिजागरीचा तुकडा वाटेत मोडतोच. रिकाम्या डब्या इथे मिळतात. डिजिपॅक, म्हणजे पुठ्ठ्याचं घडीचं कव्हर, असेल तर अर्थात हे लागू नाही. आणि जर्मनीतलं रीतसर दुकान असेल तर 19 टक्के व्हॅट वजा करून भाव मागा, देशाबाहेर माल जात असेल तर त्यांना तो वजा करता येतो. घरगुती विक्रेत्याकडून ही अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही विचारलंय की याऐवजी एलपी मागवाव्यात का. माझं मत, शिव्या खायची तयारी ठेवून: परदेशातून एलपी मागवू नका. वजन जास्त, वाकण्याची भीती, आणि आजकालच्या कितीतरी नव्या एलपी डिजिटल मास्टरवरूनच (ध्वनिमुद्रणाच्या डिजिटल मूळ प्रतीवरूनच) कापलेल्या असतात. रॉकसाठी 80 च्या दशकातल्या पहिल्या छपाईच्या सीडी शोधा. पुढच्या 'रिमास्टर्ड' आवृत्त्यांमध्ये पुष्कळदा आवाज इतका चढवलाय की ड्रमचा ठोका आणि गायकाची कुजबुज एकाच पातळीवर येतात. फक्त एक सांभाळा: 1988 ते 1993 या काळात इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात बनलेल्या काही सीडी तांबूस पडून खराब होतात. आतल्या कड्यावर 'मेड इन यू. के. बाय पीडीओ' असं दिसलं तर कडेच्या रंगाचा फोटो मागवून घ्या.

एलपीच हव्या असतील तर आधी इथे बघा. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात एचएमव्हीने परदेशी रॉक-पॉप भरपूर छापलं, पॉलिडॉरनेही भारतात छापलं. कंट्रीत तर गायक जिम रीव्ह्ज! तो 1964 साली विमान अपघातात गेला, पण गोव्यातल्या आणि वांद्र्याच्या जुन्या घरांत त्याच्या भारतीय छपाईच्या तबकड्या अजून निघतात. त्या जर्मनीहून मागवणं म्हणजे कोकणात नारळ पाठवणं. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर शुक्रवार सोडून जा, तबकडी उजेडात तिरकी धरून बघा, कव्हराचा वास घ्या. बुरशीचा वास असेल तर सोडा, पावसाळ्यात ती बाकीच्या कव्हरांवर पसरते. 2016 मध्ये काळा घोड्याचं रिदम हाऊस हे संगीताचं दुकान बंद झाल्यापासून नवा माल हाताळून घ्यायची मजा गेली, पण तो वेगळा विषय, त्यावर मी सुरू झालो तर थांबणार नाही.

आणि न्यू जर्सीत कोणी मावसभाऊ, भाचा, वहिनी असेल तर हा सगळा उद्योग टाळता येतो. प्रिन्स्टन रेकॉर्ड एक्स्चेंज हे 1980 पासूनचं दुकान तिथल्या एडिसन गावापासून गाडीने फार लांब नाही, तिथे वापरलेल्या सीडींचे स्वस्त कप्पे भरलेले असतात. यादी पाठवा, सीडी डब्यांतून काढून कपड्यांच्या घडीत आणायला सांगा. बॅगेज सवलतीची मर्यादा त्यांनी निघण्याआधी बघून घ्यावी. यादीत अल्बमच्या नावाबरोबर कॅटलॉग नंबर (कंपनीने त्या आवृत्तीला दिलेला क्रमांक) लिहा, नाहीतर माझ्या भाच्याने आणली तशी कराओके आवृत्ती येईल.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला, पेपॅलवर पैसे परत मागण्यासाठी आत्ताच वाद (डिस्प्यूट) टाकावा का. पैसे भरल्यापासून 180 दिवस असतात, घाई नको. आधी शिक्क्याचं स्टेटमेंट आणि अर्ज पाठवा, त्याची प्रत विक्रेत्यालाही द्या. पार्सल परत फिरल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं तर त्याच्याशी थेट बोला, सीडीचे पैसे तरी बहुतेक जण देतात. पत्र आलं की त्यातला मजकूर इथे टाका, संदर्भ क्रमांक आणि पत्ता झाकून.