कूलर बसवताना स्क्रूड्रायव्हर निसटून मदरबोर्डवर घासला, आता फॅन फिरतात पण स्क्रीन काळीच, काय करू?

फॅन फिरतायत म्हणजे सगळंच गेलं असं नाही, घाबरू नका. आधी पॉवर केबल काढा, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि मग एकच रॅम लावून स्लॉट बदलत बघा. एका चॅनलवर (म्हणजे रॅम स्लॉटच्या एका गटावर) पीसी चालू होतोय आणि दुसऱ्यावर नाही असं झालं तर सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेची, पिन वाकलीय किंवा कूलरचा एखादा स्क्रू जास्त आवळला गेलाय अशी शंका घ्या, कारण रॅमच्या लाइन्स थेट प्रोसेसरलाच जोडलेल्या असतात. स्क्रू सैल करून तिरक्या क्रमाने, थोडे थोडे परत आवळा, एवढ्यानेही सुटतं कधीकधी.

आता तो ओरखडा. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून नीट बघा, नुसता वरचा रंग खरवडलाय की आत तांबं चमकतंय आणि केसासारखी बारीक लाइन तुटलीय? शेजारचा एखादा चिमुकला कपॅसिटर (बोर्डवर सोल्डर केलेला बारीक भाग) उडालाय का तेही बघा. लाइन तुटली असेल तर घरी सोल्डरिंगच्या फंदात अजिबात पडू नका, मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्याकडेच द्या.

आणि एएमडीचा एएम४ सॉकेटवाला प्रोसेसर असेल तर कूलर सरळ वर ओढू नका हो, मधली थर्मल पेस्ट चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, १३३१ पिना खालीच असतात त्याला. हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.