भाच्याचं पोट बिघडलंय, उद्या डोंगराची स्टेज आहे: चालवू दे की थांबू दे?

मामा, पोस्ट वाचली आणि खालच्या कमेंटपण सगळ्या वाचल्या. नंतर येणाऱ्यांसाठी दोन ओळीत मांडतो. भाचा वीस वर्षांचा, पन्हाळा-जोतिबाच्या चढावर तयार झालेला, स्पेनमध्ये सहा स्टेजची (म्हणजे रोज एक टप्पा अशी) सायकल रेस चालू आहे, दुसऱ्या स्टेजच्या रात्रीपासून जुलाब-उलटी, तिसरी स्टेज कशीबशी अठरा मिनिटं मागं संपवली आणि उद्या डोंगर. तुम्ही विचारलंय की एक दिवस आराम करून परवा परत सुरू करता येतंय का, घरून कुठली गोळी सांगावी, आणि फोनवर त्याला "सोडू नको" म्हणावं का "थांब" म्हणावं.

पहिल्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. स्टेज रेसमध्ये मधली एक स्टेज गाळता येत नाही. स्टेज पूर्ण केली नाही किंवा टाइम लिमिटच्या बाहेर पूर्ण केली की दुसऱ्या दिवशी स्टार्टला उभं राहता येत नाही, रेस संपली. लिमिट म्हणजे विजेत्याच्या वेळेवर ठराविक टक्के जास्त, आणि ते टक्के स्टेज किती अवघड आहे त्याप्रमाणं त्या रेसच्या नियमावलीत आधीच छापलेले असतात. समजा पहिला रायडर चार तासात आला आणि त्या स्टेजला १२ टक्के असतील तर २८ मिनिटं ४८ सेकंद मिळतात. म्हणजे तिसऱ्या स्टेजला अठरा मिनिटं मागं आला यात लाज वाटण्यासारखं काय नाही, तो हिशोबात होता. रेसबुकमधलं ते पान आज रात्रीच काढून ठेव म्हणावं. क्वचित कमिसेअर लोक, म्हणजे रेसचे पंच, लिमिट वाढवतात, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

आता मुद्द्याचं. चालवायचं का थांबायचं हे हिमतीवर ठरवायचं नसतंय, तापावर ठरवायचं. सकाळी उठल्या उठल्या, कुठलीही गोळी घ्यायच्या आधी थर्मामीटर लावायचा. आधी क्रोसिन घेऊन मग मोजला तर ताप दबलेला दिसणार, आजार आहे तिथंच असणार. आणि तिकडचा थर्मामीटर सेल्सिअसमध्ये असतोय, ३८ म्हणजे आपला १००.४, हे त्याला सांगून ठेवा नाहीतर पोरगं ३८ बघून म्हणायचं काय विशेष नाही. ताप असेल, अंग ठणकत असेल, छातीत भरल्यासारखं वाटत असेल, शौचात रक्त दिसलं असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर उद्या सायकलवर बसायचं नाही, विषय तिथंच संपला. नुसतं नाक गळतंय, घसा जरा खवखवतोय एवढंच असतं तर वेगळी गोष्ट होती.

यामागचं कारण समजून घ्या म्हणजे त्याला पटवता येईल. तापात एक डिग्री सेल्सिअस वाढली की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात, म्हणजे पोरगं अंथरुणात पडलेलं असतानाच हृदय जादा काम करतंय, त्यावर चार तास डोंगर चढवायचा. त्यात व्हायरस असेल तर तो हृदयाच्या स्नायूपर्यंत जाऊन सूज आणू शकतो, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. तसं क्वचितच होतं, पण झालं तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम पूर्ण बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तरुण खेळाडू अचानक कोसळण्याच्या कारणांमध्ये हे एक आहे. तीन स्टेज वाचवायला सहा महिने घालवायचे का, एवढाच हिशोब.

खाली एकजण लिहितोय की कोल्हापूरचा गडी मैदान सोडत नसतोय. भावा, तालमीत जाऊन विचार, अंगात ताप असलेल्या पैलवानाला वस्ताद हौद्यात उतरू देतोय का. जोड ठरलेली असली तरी रद्द करतात, आणि त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही.

दुसऱ्या एकानं डुमूलांचं उदाहरण दिलंय, ते खरं आहे पण अर्धं. २०१७ च्या जिरो द'इटालियात, म्हणजे इटलीच्या मोठ्या स्टेज रेसमध्ये, टॉम डुमूलां हा डच रायडर गुलाबी जर्सीत (एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची जर्सी) असताना सोळाव्या स्टेजला बोर्मिओच्या वाटेवर, शेवटचा चढ चालू व्हायच्या आधी, रस्त्याच्या कडेला सायकल टाकून गवतात बसला, सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलं. दोन मिनिटांच्या वर गेली, जर्सी ३१ सेकंदांनी राहिली आणि शेवटी मिलानच्या टाइम ट्रायलनंतर (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायची स्टेज) जिरो पण ३१ सेकंदांनीच जिंकला. भारी गोष्ट आहे. पण तो पोटाचा एक झटका होता, आदल्या रात्रीपासून चाललेले जुलाब-उलट्या नव्हत्या. त्याच रेसचं दुसरं उदाहरण बघा, २०२३ ला रेमको एव्हेनपूलनं चेसेनाची टाइम ट्रायल एका सेकंदानं जिंकली, गुलाबी जर्सी परत अंगावर आली, आणि त्याच रात्री कोविड पॉझिटिव्ह आला म्हणून घरी गेला. जर्सीसकट रेस सोडली. जगातली सगळ्यात तगडी पोरं असंच करतात, आपल्याला मात्र फक्त गवतात बसणारा लक्षात राहतोय.

ताप नाही, रक्त नाही, उलटी थांबली आहे, रात्रीत पाणी पोटात टिकलं आणि लघवी परत फिकट पिवळी झाली, आणि टीमच्या डॉक्टरनं तपासून हो म्हटलं, तर मग उद्या चालवायला हरकत नाही, पण रेस करायला नाही, फक्त पोचायला. ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तरुण पोरांना नेमका तोच कळत नाही. पहिला तास सगळ्यात वाईट असणार, ब्रेक (पुढं पळून जाणारी छोटी टोळी) जायचा असतो तेव्हा सगळे मरणाचे मारत असतात, तिथं घोळक्याच्या पोटात राहायचं, वारा अंगावर घ्यायचा नाही, पाठीमागच्या टोकाला पण लटकायचं नाही कारण तिथं प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट मारावी लागते. डोंगर चालू झाला की हट्ट करून पुढच्यांच्या मागं जायचं नाही, आपल्या दमानं चढायचं आणि मागं स्प्रिंटर लोकांचा जो घोळका तयार होतो, ग्रुपेटो म्हणतात त्याला, त्यात शिरायचं. त्यात एखादा जुना खोंड असतोच जो घड्याळ बघून टाइम लिमिटचा हिशोब करत असतो, त्याचं चाक सोडायचं नाही. तासाभराचा चढ वीस टक्के जास्त वेळ घेऊन चढला तरी बारा मिनिटंच जातात, लिमिटमध्ये बसतंय. खरा घोळ ग्रुपेटो सुटून एकटं पडल्यावर होतो, पुढं सपाटीवर वाऱ्यात एकट्यानं बराच जादा वेळ जातोय.

आणि सकाळीच टीम डायरेक्टरला सांगून टाकायचं की आज माझ्याकडून बाटल्या आणायचं, पुढं ओढायचं काम होणार नाही. आपली पोरं हे लपवतात. मी टीमबरोबर मसाज आणि जेवणाखाणाचं काम बघायला बाहेर गेलेलो आहे, तिथं बघितलंय, जेवणाच्या टेबलावर डॉक्टर विचारतोय हाऊ आर यू आणि आपला पोरगा आय एम फाइन, आणि रात्री खोलीत संडासाच्या चकरा. एक तर इंग्रजी अडतंय, दुसरं म्हणजे काँट्रॅक्ट जाईल ही भीती. त्यात एका खोलीत दोन रायडर झोपवलेले असतात, म्हणजे लपवून दुसऱ्यालाही पाडणार. तेव्हा त्याला सांगा की मोबाईलवर लिहून काढ: कधीपासून, आतापर्यंत किती वेळा, ताप किती, काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, आणि तो मोबाईल डॉक्टरच्या हातात दे. बोलण्यापेक्षा हे सोपं जातं.

खाण्याचं: ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. आपल्याकडं अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ढवळून पितात, त्यानं जुलाब वाढतात. घोट घोट, सारखं. सकाळी लघवीनंतर वजन करायचं, एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी, साठ किलोच्या पोराचं सव्वा किलो गेलं तरी चढाला पाय ओढणार. मऊ भात मीठ घालून, उकडलेला बटाटा, केळं, टोस्ट. दूध, सॅलड, डाळी, प्रोटीन शेक बंद. बाटलीत एरवीसारखं दाट कार्बचं मिश्रण घालायचं नाही, निम्मं पातळ करायचं, एनर्जी जेल तर शक्यतो नकोच कारण बिघडलेल्या आतड्यात साखर राहिली की पाणी ओढून घेते आणि परत तेच. बॅगेतलं भडंग आणि कांदा-लसूण चटणी रेस संपेपर्यंत बांधलेलीच राहू दे. (चटणीचं पाकीट टीमच्या इतरांना चाखायला दिलं असेल तर त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही.)

बाटलीवरून आठवलं, कुणीतरी विचारलंय की हॉटेलचं एवढं स्वच्छ खाऊन पोट बिघडतंच कसं. रस्त्यावरचा चिखल, जनावरांचं शेण चाकाबरोबर उडतं आणि बाटलीच्या तोंडावर बसतं. २००८ ला वेल्समधल्या बिल्थ वेल्सच्या माउंटन बाइक रेसनंतर असेच भरपूर रायडर कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूनं आजारी पडले होते, चिखल तोंडात गेला म्हणून. बाटली घेतली की पहिली पिचकारी बाहेर टाकायची, मग प्यायचं.

आता गोळ्या. मामा, इथं मात्र हात जोडून सांगतो, घरून एकही औषध सुचवू नका. कारण नुसतं तब्येतीचं नाही, डोपिंगचं पण आहे. आपल्याकडं अंगात जोर नाही म्हटलं की सलाईन लावतात. वाडाच्या (WADA, जगभरातलं डोपिंग रोखणारी संस्था) नियमात बारा तासात १०० मिलीच्या वर शिरेतून काही दिलं तर ते डोपिंग धरतात, हॉस्पिटलमधला खरा उपचार सोडून. आणि सायकलिंगमध्ये २०११ पासून ताकद भरून काढायला सुई टोचणंच बंद आहे. म्हणजे रूमवर कुणी सलाईन लावून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं. खरंच सलाईन लागावं एवढी हालत असेल तर हॉस्पिटलला जायचं, लावून घ्यायचं, रेस गेली तर गेली. डेक्साचं इंजेक्शन, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, गावात सर्दीतापाला सहज देतात, ही स्टिरॉइडं आहेत, स्पर्धेच्या काळात बंदी. ट्रामाडोल ही दुखण्यावरची गोळी २०२४ पासून वाडाच्या पण यादीत आहे. काही सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ठराविक प्रमाणाच्या वर लघवीत सापडलं की अडकला. आणि आयुर्वेदिक आहे म्हणून चालतंय असं समजू नका, सोमलता म्हणजे एफेड्राच, त्यात बंदी असलेलं एफेड्रिन असतं.

ज्यावर बंदी नाही तेही डोळे झाकून घ्यायचं नाही. अंगदुखीला आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम असलं, शरीरात पाणी कमी असताना घेतलं की किडनीवर येतं. जुलाब बांधणारी गोळी ताप किंवा रक्त असताना घ्यायची नाही. आणि जुलाब म्हटलं की मेडिकलवाला काही न विचारता जी ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची गोळी देतो, ती तुमच्या भाच्याच्या बॅगेत नक्की असणार, पैज लावतो. त्यातलं ऑफ्लॉक्सॅसिन ज्या जातीचं अँटिबायोटिक आहे त्यानं टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) दुखावतात, कधी तुटतात, टाचेच्या वरचं तर जास्तच. सायकलवाल्याला हे परवडतंय का? मी डॉक्टर नाही, टीमचा डॉक्टर आहे, त्याला ती गोळी दाखवायची आणि तो म्हणेल तसं करायचं.

तुमचा तिसरा प्रश्न, फोनवर काय म्हणावं. "सोडू नको" पण नको आणि "थांब" पण नको. त्याला एवढंच कळू द्या की थांबून आलास तरी घरात, तालमीत, ग्रुपवर कुणी काही बोलणार नाही, आणि ते खरं पण होऊ द्या. ग्रुपवर "लढ भावा, उद्या डोंगर आपलाच" असले स्टेटस चाललेत ते आजच्या आज बंद करायला लावा, तो रात्री ते वाचत पडणार आणि सकाळी ताप असला तरी नाही म्हणणार. फोन एकदाच, लवकर, मग झोपू दे. तिकडं आपल्यापेक्षा घड्याळ साडेतीन-साडेचार तास मागं असतंय, आपल्या सकाळी सहाला फोन लावला तर त्याची अर्धी रात्र मोडणार.

थांबला तर लगेच दोन दिवसांनी पन्हाळा चढायला लावू नका. ताप पूर्ण जाऊन, गोळीशिवाय, जेवण नीट चालू झाल्यावर मग आधी रंकाळ्याला हलक्या फेऱ्या, ठोके नेहमीसारखे आहेत का बघत, मग चढ. आठवड्यात दम कुठं जात नाही. छातीत दुखलं, धडधडलं किंवा धाप लागली तर आधी ईसीजी, मग सायकल.

उद्या सकाळी ताप किती निघाला ते इथं टाका, आणि डॉक्टरला दाखवायची चिठ्ठी इंग्रजीत करून हवी असेल तर मराठीत लिहून पाठवा, मी रात्री अकरापर्यंत आहे.